घरच्या घरी स्प्रे पेंटने सायकलची फ्रेम रंगवायची असेल तर

मी आत्तापर्यंत तीन फ्रेम घरी रंगवल्यात. पहिलीचा रंग दोन-तीन महिन्यांत पोपडे धरून निघाला, दुसरीवर शेवटच्या हाताला सुरकुत्या पडल्या आणि सगळं पुन्हा खरवडावं लागलं, तिसरी मात्र आजही रोज वापरात आहे आणि रंग जागचा हललेला नाही. तिसऱ्या वेळी माझा हात एकदम सराईत झाला होता असं काही नाही, कॅनही त्याच प्रकारचे होते. फरक एवढाच की कुठे किती घासायचं आणि कुठे किती तास थांबायचं हे तोवर कळलं होतं. तेच इथे क्रमाने लिहितोय, कारण मी शोधत होतो तेव्हा जो तो फक्त कॅन कसा फिरवायचा ते सांगत होता, आणि ते काम तर एका हाताला जेमतेम दहा मिनिटांचं असतं.

वेळेचा अंदाज आधीच घ्या. खोलणं आणि घासणं एक-दोन दिवस, रंगाचे हात दोन-तीन दिवस, आणि त्यानंतर निदान एक आठवडा, जमलं तर दोन, फ्रेम नुसती टांगून ठेवायची. सायकल रोज लागत असेल तर तेवढ्या दिवसांची दुसरी सोय करा आणि मगच पाना हातात घ्या.

१. फ्रेम रंगवण्यासारखी आहे का ते बघा

आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर स्टील, नाही चिकटलं तर बहुतेक अॅल्युमिनियम. हे कळणं गरजेचं आहे कारण प्रायमर त्यावरून ठरतो. फ्रेम कार्बनची असेल तर पहिल्याच प्रयत्नात तिच्या वाटेला जाऊ नका, घासताना आतले धागे कापले जाऊ शकतात आणि पेंट रिमूव्हर कार्बनला बांधून ठेवणाऱ्या रेझिनवरच हल्ला करतो.

मग फ्रेम स्वच्छ पुसून चांगल्या उजेडात सगळे जोड बघा. हँडलची नळी आणि खालचा दांडा जिथे मिळतात ती जागा, क्रँकची नळी (पायडलचे दांडे ज्या नळीत फिरतात ती), मागचं चाक बसतं त्या खाचा. रंगावर केसासारखी बारीक रेघ दिसली आणि तिच्यातून गंजाचा तांबूस ओघळ आलेला असला तर ती चीर असू शकते. वेल्डिंगवाल्याला किंवा चांगल्या मेकॅनिकला दाखवा. रंगाने चीर झाकली जाते आणि पुढच्या वेळी ती दिसतही नाही, हे फार धोक्याचं आहे.

२. सामान जमवून ठेवा

मध्येच काही आणायला उठावं लागलं की दोन हातांमधली वेळ चुकते, म्हणून आधीच सगळं गोळा करा:

- पॉलिश पेपर: १२०, २२०, ४००, ८०० नंबर. चकाकी हवी असेल तर १५०० आणि २००० पण
- प्रायमर: स्टीलला गंजरोधक, उघड्या अॅल्युमिनियमला सेल्फ-एचिंग प्रायमर (धातूला किंचित कोरून धरून बसणारा)
- एक फ्रेम आणि पुढच्या चाकाचा चिमटा धरून ४०० मिलीचे कॅन: प्रायमर १ ते २, रंग २, क्लिअर (रंगावर मारायचा पारदर्शक थर) २
- भांडी घासायचं लिक्विड, थिनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारी फडकी
- मास्किंग टेप, जुने वर्तमानपत्र, जुने बोल्ट
- रबरी हातमोजे, चष्मा, आणि रासायनिक वाफा अडवणारा कार्ट्रिजवाला मास्क
- टांगायला जाड तार किंवा दांडकं
- पाने, अॅलन की, क्रँक ओढायचा पुलर, बीबीचा (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकच्या नळीतला बेअरिंगचा भाग) टूल, ग्रीस

प्रायमर, रंग आणि क्लिअर शक्यतो एकाच कंपनीचे आणि एकाच प्रकारचे घ्या. वेगवेगळ्या प्रकारचे रंग एकमेकांवर बसतीलच असं नसतं. रंगाचा एक कॅन जास्तच आणा, कारण दुसऱ्या बॅचची छटा किंचित वेगळी निघू शकते आणि अर्ध्या फ्रेमवर ती डोळ्यात भरते.

३. सायकल पूर्ण खोला

चाकं लावून ठेवून, कागद गुंडाळून रंग मारायचा मोह होतो. तसं करू नका. कडेला रंग जाड साचतो आणि पुढे तिथूनच सुटायला लागतो. शिवाय ब्रेकच्या पॅडवर किंवा डिस्कवर स्प्रेचा धुरळा बसला तर ब्रेक लागत नाही.

प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा, केबल कुठून कुठे जाते आणि वॉशर कोणत्या क्रमाने आहेत ते खास. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यात ठेवून वर चिठ्ठी लावा.

इथे नवीन माणूस हमखास दोन ठिकाणी अडकतो. पहिलं म्हणजे पायडल. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायची सोपी युक्ती अशी की पाना वरच्या बाजूला उभा धरा आणि सायकलच्या मागच्या चाकाकडे फिरवा, दोन्ही पायडलं सुटतात. दुसरं म्हणजे बीबी. बऱ्याच सायकलींना, म्हणजे ज्यांना इंग्लिश किंवा बीएसए आटे असतात त्यांना, चेनच्या बाजूची कटोरी उलट्या आट्यांची असते, ती घड्याळाच्या दिशेने फिरवली की सुटते. इटालियन आट्यांना दोन्ही बाजू सरळ असतात. सुटत नाही म्हणून जोर लावण्याआधी आपली कोणती ते बघा, कारण तिथले आटे गेले तर मग रंगाचा विषयच संपला. हँडलच्या नळीतल्या कटोऱ्या ठोकून काढायला नको वाटत असेल तर राहू द्या, नीट टेप लावला तर चालतं.

४. जुना रंग काढायचा की नुसता घासायचा?

माझं स्पष्ट मत आहे की जुना रंग घट्ट असेल तर तो मुळापासून काढू नका. कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग धातूला जितका धरून असतो तितका आपला प्रायमर कधीच धरणार नाही. त्याची चकाकी मोडा, जिथे टवके उडालेत तिथल्या कडा घासून सपाट करा, बस्स.

फक्त एक चाचणी करा. पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन न दिसणाऱ्या जागी अर्धा मिनिट घासा. फडक्याला रंग लागला किंवा तिथला रंग मऊ पडला तर नवीन स्प्रेमधल्या थिनरनेही तो फुगणार, मग काढलेलाच बरा. पोपडे सुटलेत, खाली गंज पसरलाय, आधी कुणीतरी ब्रशने जाड रंग फासलाय, अशा वेळीही काढावा लागतो.

पेंट रिमूव्हर वापरायचा तर उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून. मिथिलीन क्लोराइड असलेले रिमूव्हर घरात वापरू नका, बंद जागेत त्याच्या वाफांनी माणसं दगावलेली आहेत. आणि सायकल खूप जुनी असेल तर रंगात शिसं असू शकतं, ती कोरडी घासू नका. पाणी लावून घासा म्हणजे धूळ उडत नाही, आणि तो चिखल पुसून नीट बांधून टाका. लहान मुलांना त्या जागेपासून लांब ठेवा.

५. घासणं

गंजाच्या जागा १२० ने, बाकी सगळी फ्रेम २२० ने. गंज पूर्ण जाऊन लख्ख धातू दिसेपर्यंत घासा, बारीक खड्ड्यांत राहिला तर फॉस्फोरिक अॅसिडवालं गंजाचं औषध मिळतं ते लावा आणि बाटलीवर लिहिलंय तसं धुवा किंवा पुसा. गोल नळीवर पेपर पट्टीसारखा कापून, दोन्ही हातांत धरून बूट पुसतात तसा मागेपुढे ओढा, काम पटकन होतं आणि सपाट चट्टे पडत नाहीत. टवक्याच्या कडेवरून डोळे मिटून नख फिरवा. नख अडलं तर अजून घासायचंय. ती पायरी रंगाखाली लपेल असं वाटतं पण चकचकीत रंगाखाली ती उलट जास्तच उठून दिसते.

क्रँकच्या नळीखाली बहुतेक वेळा फ्रेमचा नंबर ठोकलेला असतो. तिथे हलक्या हाताने घासा आणि पुढे रंगही पातळ मारा. सायकल चोरीला गेली तर ती तुमची आहे हे सांगायला तो नंबरच कामी येतो. घासायच्या आधी फोटो काढून ठेवा.

स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून कोपऱ्यातून उचला, खाली राहिलेला गोंद थिनरने निघतो.

६. तेलकटपणा (माझी पहिली फ्रेम इथे गेली)

पहिल्या वेळी मी मस्त घासलं, कोरड्या फडक्याने पुसलं आणि प्रायमर मारला. दिसायला एक नंबर. मग एक दिवस चेन चढवताना क्रँकच्या नळीजवळ बोट लागलं आणि रंगाचा नखाएवढा तुकडा कागदासारखा उचलला गेला. त्याच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं तर तेलकट लागत होतं. वर्षानुवर्षं चेनचं तेल तिथे मुरलेलं, आणि मी पॉलिश पेपरने ते आणखी पसरवलं होतं.

म्हणून क्रम असा ठेवा: घासायच्या आधी एकदा लिक्विड आणि कोमट पाण्याने धुवायचं, घासून झाल्यावर पुन्हा धुवायचं, पूर्ण वाळवायचं, मग थिनर किंवा अल्कोहोलने पुसायचं. ओलं फडकं एका हातात, कोरडं दुसऱ्या हातात, आणि ओलं वाळायच्या आत कोरड्याने टिपून घ्यायचं, नाहीतर तेल नुसतं इकडून तिकडे जातं. फडकं सतत बदलत राहा. तेल गेलं की नाही ते शेवटच्या धुण्यात कळतं, पाणी ओता आणि बघा. पाण्याचा सलग पापुद्रा बसला तर फ्रेम स्वच्छ आहे, थेंब गोळा होऊन पळाले तर तिथे अजून तेल आहे.

यानंतर उघड्या हाताने फ्रेमला हात लावायचा नाही. उघडं स्टील दमट हवेत काही तासांत गंज धरायला लागतं आणि अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच बसतो, त्यामुळे शेवटचं घासणं, पुसणं आणि प्रायमर हे तिन्ही एकाच दिवशी उरका. आजूबाजूला सिलिकॉन स्प्रे किंवा सिलिकॉन पॉलिश तर अजिबात वापरू नका, त्याचा एक कण जरी बसला तरी रंग तिथून गोल मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

७. टेप कुठे लावायचा

हँडलच्या नळीची दोन्ही तोंडं, क्रँकच्या नळीचे आटे, सीटच्या नळीचं तोंड, ब्रेक बसतात त्या खुंट्या, गिअरच्या हँगरचे आटे, चिमट्याची वरची नळी आणि तिच्या मुळाशी रिंग बसते ती जागा. चिमटा सस्पेन्शनवाला असेल तर चकचकीत सरकणाऱ्या नळ्यांना रंगाचा थेंबही लागता कामा नये. बाटलीच्या स्टँडच्या भोकांत जुने बोल्ट फिरवून ठेवले की टेपची गरज नाही.

चाकाचा नट किंवा क्विक रिलीज जिथे आवळला जातो त्या सपाट जागाही झाका. तिथे रंगाचा जाड थर राहिला तर तो दाबाने हळूहळू चिरडतो आणि आवळलेलं चाक सैल पडतं.

८. जागा, हवा आणि मास्क

हवा खेळती पण वारा नको, उन्हाची तिरीप नको. साधारण १५ ते ३० अंश तापमान आणि कोरडा दिवस. दमट हवेत रंगातलं थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढुरका दिसायला लागतो. पाऊस पडून गेलाय, भिंती गार लागतायत, तर त्या दिवशी नका करू.

कॅनमधला गॅस पेट घेतो. गॅसची शेगडी, देवापुढचा दिवा, हीटर, सिगरेट, काहीही आसपास नको. थंडीत कॅन गरम करायचा तर फक्त कोमट पाण्यात, हाताला सोसेल इतकंच, ५० अंशांच्या वर कॅन फुटू शकतो. कापडी किंवा धुळीचा मास्क थिनरच्या वाफा अडवत नाही. मास्क लावूनही वास आला तर कार्ट्रिज संपलंय किंवा मास्क नीट बसलेला नाही.

फ्रेम हँडलच्या नळीतून दांडकं घालून आडवी टांगा, म्हणजे सगळीकडून फिरता येतं. खाली फरशीवर थोडं पाणी शिंपडलं की धूळ उडत नाही.

९. प्रायमर

कॅन आतली गोळी खडखडायला लागल्यापासून दोन मिनिटं हलवा, मध्ये मध्येही हलवत राहा. आधी पुठ्ठ्यावर मारून बघा. फ्रेमपासून २० ते ३० सेंटिमीटर अंतर, बटण नळीच्या अलीकडे दाबायचं, सरळ हात फिरवायचा आणि नळीच्या पलीकडे गेल्यावर सोडायचं. नळीवर बटण दाबलं की त्या जागी थबका बसतो.

अवघड जागा आधी: क्रँकच्या नळीची खालची बाजू, मागच्या बारीक नळ्यांच्या मधली जागा, जोडांचे कोपरे. मोठे दांडे शेवटी. बहुतेक जण उलटं करतात, मग कोपऱ्यात मारताना दांड्यावर जास्तीचा रंग बसून ओघळ येतात. दोन किंवा तीन पातळ हात द्या, मध्ये १० ते १५ मिनिटं. वाळल्यावर (शक्यतो दुसऱ्या दिवशी) ४०० ने हलकं घासा आणि पुसा. कुठे धातू उघडा पडला तर तिथे पुन्हा प्रायमर.

रंग लाल, पिवळा किंवा नारिंगी असेल तर पांढरा प्रायमर घ्या, हे रंग खालचं फार झाकत नाहीत.

१०. रंग

पहिला हात नुसता तुषार. खालचा प्रायमर दिसतच राहिला पाहिजे, आणि इथेच धीर सुटतो कारण फ्रेम ठिपक्याठिपक्यांची, घाण दिसते. सोडून द्या, १० मिनिटं बाजूला व्हा. दुसऱ्या हाताला बरंचसं झाकतं, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण. गोल नळीला एका बाजूने मारून भागत नाही, वरून, खालून आणि दोन्ही कडेने असे चार फेरे, प्रत्येक फेरा आधीच्यावर अर्धा चढवून.

ओघळ कसा येतो ते एकदा जवळून बघितलंत की पुढे टाळता येतो. नळीच्या खालच्या बाजूला रंग आधी काचेसारखा ओला चमकतो, मग ती चमक एका रेषेत गोळा होते, मग तिच्यातून थेंब लोंबायला लागतो. चमक गोळा होताना दिसली की थांबा. ओघळ आलाच तर बोटाने पुसायला जाऊ नका, पूर्ण कडक होऊ द्या आणि एक-दोन दिवसांनी ८०० चा पेपर पाण्यात भिजवून उतरवा. रंग खडबडीत, वाळूसारखा बसत असेल तर तुम्ही फार लांबून मारताय, संत्र्याच्या सालीसारखा दिसत असेल तर बहुधा फार जवळून जाड बसतोय किंवा कॅन गार आहे.

मेटॅलिक रंग असेल तर शेवटच्या हातानंतर घासायचं नाही, आतल्या चमकीचे कण विस्कटून डाग दिसतात. सरळ क्लिअर मारा.

११. दोन हातांमधली वेळ

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि ते कॅनच्या मागे अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. बऱ्याच इनॅमल प्रकारच्या कॅनवर असं असतं की पुढचा हात एक तासाच्या आत द्या, नाहीतर २४ किंवा ४८ तासांनंतर द्या. मधल्या वेळेत द्यायचाच नाही.

कारण असं की तासाभरानंतर रंगाला वरून साय धरलेली असते, पण आत थिनर अजून अडकलेलं असतं. तेव्हा वरून नवीन रंग मारला की त्यातलं थिनर सायीतून आत शिरतं, अर्धवट वाळलेला थर फुगतो, त्याला पसरायला जागा नसते आणि तो सुरकुततो. माझ्या दुसऱ्या फ्रेमला मी सकाळी रंग दिला, दुपारी हाताला कोरडा लागला म्हणून क्लिअर मारला, आणि मिनिटभरात वरच्या दांड्यावर तापलेल्या दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या चालत गेल्या, अक्षरशः डोळ्यांदेखत. हाताला कोरडं लागणं म्हणजे वाळणं नव्हे. लॅकर प्रकारचे रंग याबाबतीत सोपे असतात पण तुमचा कॅन कोणता आणि त्याची वेळ काय ते वाचा, आणि प्रत्येक हाताची वेळ भिंतीवर टेप चिकटवून लिहीत जा.

१२. स्टिकर आणि क्लिअर

स्टिकर लावायचे तर रंगानंतर, क्लिअरच्या आधी. त्यावर क्लिअरचे पहिले दोन हात अगदी तुषारासारखे, एकदम ओला हात दिला तर स्टिकर आकसतो. नंतर दोन-तीन थोडे ओले हात.

बाजारात टू-के म्हणून क्लिअर मिळतो, कॅनच्या बुडाचं बटण दाबून आतलं हार्डनर मिसळायचं. तो पेट्रोल, थिनर, ओरखडे यांना खरंच फार चांगला टिकतो. पण त्यात आयसोसायनेट असतात, ते फुफ्फुसाला कायमचा दमा लावू शकतात, म्हणून पूर्ण संरक्षण आणि मोकळी जागा नसेल तर घरी साधाच वापरा. रोजच्या सायकलला साधा पुरतो.

१३. टांगून ठेवा

दुसऱ्या दिवशी फ्रेम तयार दिसते. नाही आहे. एक आठवडा तरी, गार हवेत दोन. चाचणी क्रँकच्या नळीखाली करा जिथे दिसणार नाही: नख दाबा, खूण उमटली तर अजून मऊ आहे. टेप मात्र इतके दिवस ठेवायचा नाही, शेवटच्या हातानंतर रंग किंचित ओलसर असतानाच स्वतःकडे दुमडून हळू ओढा. वाळून गेला असेल तर आधी ब्लेडने कडेला रेघ मारा.

पॉलिश करायचं असेल तर ते या आठवड्यानंतर, १५०० आणि २००० पाण्यात भिजवून, मग रबिंग कंपाउंड. कडांवर जोर देऊ नका, क्लिअर तिथेच सगळ्यात पातळ असतो.

१४. जोडणी

आट्यांत रंग गेला असेल तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून किंवा जुना बोल्ट तेल लावून पुढेमागे करून साफ करा. सगळ्या आट्यांना आणि सीटच्या दांड्याला ग्रीस. सीटचा क्लँप पहिल्याच दिवशी आवळून टाकू नका, थोडा, मग दोन दिवसांनी पुरता, नाहीतर त्याच्या कडेला रंग दुमडतो. केबलची बाहेरची नळी जिथे फ्रेमला घासते तिथे पारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा, आणि चेनच्या बाजूच्या मागच्या नळीला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. चेन उडून सगळ्यात आधी तिथलाच रंग जातो.

स्टीलची फ्रेम असेल तर जोडायच्या आधी नळ्यांच्या आत थोडं गंजरोधक तेल फवारा, आणि क्रँकच्या नळीखाली पाणी निघून जायचं भोक असेल तर ते रंगाने बुजलं नाही ना ते बघा.

उरलेला कॅन उलटा धरून बटण दाबा, नुसता गॅस यायला लागला की नोझल साफ झालं, नाहीतर पुढच्या वेळी ते चोंदलेलं मिळेल. त्याआधी थोडा रंग झाकणात फवारून घ्या, पाच मिनिटं जरा घट्ट होऊ द्या आणि जोडताना पान्याने जे दोन-चार टवके उडाले असतील (उडतातच) त्यांवर काडीच्या टोकाने एकेक थेंब ठेवा.